नोटरीकाकांनी मला विचारलं नाही

कचेरीबाहेरच्या रांगेत शपथपत्रावर शिक्का मारून घ्यायला दोन मिनिटं लागतात. नोटरीकाकांच्या टेबलावर वीस लागत, आणि विसाव्या मिनिटालाही शिक्का मिळेलच याची खात्री नसे. बाकीचे नोटरी "यहाँ साइन, यहाँ साइन" म्हणत धडाधड शिक्के उमटवत. समोर कोण उभा आहे हे मान वर करून बघायचीही त्यांना गरज वाटत नसे. काका मात्र कागद हातात घेत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं मोठ्याने वाचत. वाचून झालं की चष्मा काढून समोरच्याच्या डोळ्यांत बघत आणि विचारत, "सुन लिया? सच है?"

एवढंच. पण या दोन प्रश्नांनी भले भले गडबडत. लायसन्स हरवल्याचं शपथपत्र घेऊन आलेला एक तरुण मला आठवतो. काकांनी विचारलं तसा तो इकडेतिकडे बघायला लागला. शेवटी म्हणाला, "वकीलसाब, गुमा नहीं है, पुलिसवाले ने रख लिया है." काकांनी कागद त्याला परत दिला, वर चहा पाजला आणि चालानचे, म्हणजे दंडाचे, पैसे कुठे भरायचे ते समजावून सांगितलं. शिक्क्याची कमाई गेली आणि चहाचे पैसे खिशातून गेले. शेजारच्या टेबलावरचा नोटरी तर उघडच गिऱ्हाइकं बोलवायचा, "जल्दी हो तो इधर आ जाओ भैया, उधर तो पूछेंगे!" कचेरीत त्यांना सगळे 'सच-है वकील' म्हणत. आमच्या मराठी घरांमधून ते नोटरीकाका होते.

ते माझ्या वडिलांचे मित्र. वडील फॅक्टरीत, काका वकिलीत. पण त्यांची वकिली कधी चाललीच नाही. अशिलाला ते पहिल्याच भेटीत "तू हरणार आहेस" असं सांगून टाकत, मग कशी चालणार? नोटरीची नेमणूक मिळाली तेव्हा काकूंनी सुटकेचा श्वास सोडला होता. शिक्का मारायचा आणि पैसे घ्यायचे, यात हे काय घोळ घालणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी नवऱ्याला पुरतं ओळखलं नव्हतं.

निवडणुका आल्या की काकांच्या अंगात जरा वारं भरे. एकदा एका उमेदवाराचा माणूस त्याच्या संपत्तीचं शपथपत्र घेऊन आला. "भैयाजी बाहर गाड़ी में बैठे हैं, जरा जल्दी कर दीजिए." काका वाचत वाचत 'वाहन – निरंक' या ओळीवर थांबले, मान वाकडी करून रस्त्यावर उभ्या असलेल्या लांबलचक पांढऱ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाले, "तो बैठे किसमें हैं?" आसपासचे टायपिस्ट खो खो हसले. तो माणूस कागद हिसकावून पलीकडच्या टेबलावर गेला आणि दोन मिनिटांत शिक्का घेऊन परतला. भैयाजी निवडूनही आले. काका हा किस्सा दर दिवाळीला फराळाच्या ताटावर रंगवून सांगायचे. शेवटचा निवडून येण्याचा भाग मात्र ते गाळत.

मी एकदा त्यांना छेडलं होतं. "काका, तुमच्या विचारण्यानं काय फरक पडतो? तो शेजारी जाऊन शिक्का घेतोच ना?"

"पडतो ना," ते म्हणाले. "खोटं बोलण्याआधी त्याला एक क्षण थांबावं लागलं की नाही? तेवढा क्षण मी देतो. पुढचं त्याचं तो बघेल. आणि तू काहून हसून राहिला? फुकट देतो मी तो क्षण, फी फक्त शिक्क्याची घेतो."

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. चहाच्या टपरीवर ते एक कप दोघांत मागवत. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडत. स्वतःच्या प्रामाणिकपणाचा त्यांना थोडा गर्वही होता, आणि तो लपवायची त्यांना सवय नव्हती. पण त्यांचा सगळ्यात मोठा दोष आम्हाला दोष वाटतच नसे, कारण तो आमच्या फायद्याचा होता. टेबलासमोरचा माणूस मराठीत बोलला की काका विरघळत. "अरे, आपला माणूस! बस, बस." मग पोहे-जलेबी मागवली जाई, घरची चौकशी होई, आजोळ नागपूरचं की अमरावतीचं ते निघे, आणि कागद वरवर चाळून शिक्का बसे. 'सच है?' हा प्रश्न आपल्या माणसाला विचारणं त्यांना अपमानास्पद वाटे. या एवढ्या मोठ्या हिंदी शहरात आम्ही मूठभर घरं. तेव्हा आपला माणूस एक वेळ उपाशी राहील पण खोटं लिहून देणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती ऐकून आम्हा सगळ्यांची कॉलर ताठ व्हायची. माझीही व्हायची.

आता मला माझ्यावर यायला हवं. इतका वेळ काकांचे किस्से सांगत मी ते टाळत होतो, हे मला कळतं आहे.

मी आमच्या मराठी मंडळाचा सचिव. कित्येक वर्षं आमचा गणपती कधी सदर बाजारातल्या कुणाच्या दुकानामागे, कधी शाळेच्या वर्गात बसे. शाळेची परीक्षा आली की बाप्पाला खोली बदलावी लागे. महाराजपूरला मंडळाचा एक भूखंड होता, एका जुन्या सभासदाने दिलेला, पण बांधायला पैसा नव्हता. तेवढ्यात विधानसभेची निवडणूक जवळ आली, आणि आमदारांच्या माणसाने मला बोलावून सांगितलं की निधीतून सभागृह होऊ शकतं, मात्र आचारसंहिता लागण्याआधी कागद पूर्ण हवेत. दहा दिवस आहेत. बदल्यात त्याने काही मागितलं नाही. "आप लोगों के घर के वोट तो हैं ही अपने," एवढंच हसत म्हणाला, आणि मीही हसलो. त्या हसण्यात मी आमच्या सगळ्या घरांची मतं देऊन टाकली, ती माझी नसताना.

कागदांमध्ये एक शपथपत्र होतं. त्यात एक ओळ होती, ती मला आजही पाठ आहे: 'उक्त भूखण्ड पूर्णतः रिक्त है तथा उस पर किसी व्यक्ति का निवास अथवा कब्जा नहीं है.' आणि त्या भूखंडावर सुखरानी राहत होती.

सुखरानी आमच्या जुन्या चौकीदाराची बायको. जागेवर लक्ष ठेवायला मंडळानेच त्याला पत्र्याची खोली घालून दिली होती. तो गेला, ती तिथेच राहिली. बारा वर्षं. चार घरची धुणीभांडी करायची, आणि गणपतीत रोज सकाळी एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधून आणून द्यायची. आम्ही तिला पैसे देऊ केले तर घ्यायची नाही. तिची व्यवस्था लावायची तर सभा बोलवावी लागली असती, कुठेतरी खोली बघावी लागली असती, आणि दहा दिवस निघून गेले असते. मी स्वतःला समजावलं की कोणी बघायला येईपर्यंत जागा रिकामी झालेली असेल, मग ते खोटं कसलं? आणि वर हेही म्हटलं की देवाचं काम आहे. हे दुसरं वाक्य फार उपयोगी पडलं. एकदा ते मनात म्हटलं की पहिल्याची तपासणी करावीशी वाटत नाही.

शपथपत्र घेऊन मी काकांकडेच गेलो. शेजारच्या टेबलावर जाऊ शकलो असतो, दोन मिनिटांचं काम होतं. पण काकांचा शिक्का म्हटला की तहसीलीत कोणी दुसऱ्यांदा बघत नसे, आणि मला तेच हवं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "काय रे अवी! हॉल होऊन राहिला म्हणतात खरंच? तुझा बाप असता तर नाचला असता बघ." कागद त्यांनी वाचलाच नाही. रजिस्टरमध्ये नोंद केली, माझी सही घेतली, शिक्का मारला. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "बाप्पाच्या कामाचे घेऊ होय? ठेव खिशात."

मला खूप हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी विसरू शकलेलो नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी त्यांच्या डोळ्यांत बघून "हो काका, खरं आहे" असं म्हटलं असतं. माझी तयारी होती. म्हणून, विचारलं नाही हा बचाव मला लागू पडत नाही.

सुखरानीकडे मी त्याच आठवड्यात गेलो. तिच्या भाचीकडे सोय होईल असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं, सामान न्यायला टेम्पो सांगितला होता आणि थोडे पैसे पाकिटात घातले होते. ती भांडेल, रडेल, चार लोक जमवेल अशी मला धास्ती होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यहाँ गणेशजी बैठेंगे न?"

"हाँ," मी म्हणालो.

"तो ठीक है भैया. उनकी जगह है." आणि ती भांडी बांधायला लागली. चूल तिने मोडली नाही, पोतेरं फिरवून तशीच ठेवली.

भूमिपूजनाला काका कोट घालून आले. सकाळी दहाची वेळ, मांडव, खुर्च्या, आमदारांची वाट बघणं चाललेलं. पत्रे काढून नेले होते, पण शेणाने सारवलेली जमीन, ती चूल आणि तुळशीचं एक रोप अजून तिथेच होतं. काका हिंडत हिंडत तिथे गेले आणि थांबले. आमच्या एका सभासदाला त्यांनी विचारलं, "इथे कोण राहत होतं?"

"सुखरानी हो, आपल्या चौकीदाराची," तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. "आपल्या सचिवांनी बरोबर हलवलं तिला, काही कटकट नाही झाली. परवाच गेली."

परवा. माझं शपथपत्र त्याच्या आठवडाभर आधीचं होतं. काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. ते रागावले असते तर मी काहीतरी बोललो असतो. रस्ता चुकलेल्या माणसाने आजूबाजूला बघावं तसे ते बघत होते. मग ताशे वाजले, आमदार आले, मी हार घेऊन पुढे धावलो. परत बघितलं तेव्हा काका निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे फिरवलं. प्रत्येक नोंदीच्या कडेला पेन्सिलीची एक बारीक बरोबरची खूण होती. "विचारलं की मी ही खूण करतो," ते म्हणाले. माझ्या नोंदीपुढे खूण नव्हती. त्याच्या वर, खाली, मागच्या पानांवर जिथे जिथे आमची मराठी आडनावं होती, तिथेही नव्हती.

"अर्धी चूक माझी आहे, अवी," ते म्हणाले. "मी विचारलंच नाही. आपला माणूस म्हणून बसलो."

मी देवाचं काम, मंडळाचं भलं वगैरे बोलू लागलो. त्यांनी माझं बोलणं तोडलं, नेहमीसारखंच. "बाप्पानं हॉल मागितला होता का रे तुला? तो तर वर्गातही बसत होता. बाई कुठे आहे आता? तिला नीट खोली करून द्या, आणि मी तहसीलीत लिहून देतो की हे शपथपत्र चुकीचं आहे. चल माझ्यासोबत. तू स्वतः सांगितलंस तर जास्त काही होणार नाही."

मी गेलो नाही. उलट त्यांच्या पाया पडलो, मुलीच्या लग्नाचं बघतो आहोत असं म्हणालो, मंडळाची अब्रू जाईल म्हणालो. त्यांनी रजिस्टर मिटलं. दोन दिवसांनी ते एकटेच गेले आणि अर्ज देऊन आले.

त्यानंतर मी जे केलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. तहसीलीतून मला फोन आला. साहेब नव्हते, बाबू होता, आणि त्यालाही प्रकरण वाढवायचं नव्हतं. "ये वकीलसाब क्या लिखकर दे गए हैं?" त्याने विचारलं. मी हसलो. म्हणालो, "अरे साहब, उमर हो गई है काका की. आजकल भूल जाते हैं, कुछ का कुछ समझ लेते हैं. घर के आदमी हैं, क्या बोलें." पलीकडून तोही हसला. "समझ गए, समझ गए." अर्ज तिथेच थांबला. हॉलची मंजुरी कायम राहिली.

माझं एवढ्यावर भागलं नाही. मंडळातही कोणी विचारलं तर मी आवाज जरा खाली आणून तेच सांगायचो. काकांना विसरायला होतं. काका सठिया गए. लोकांना पटलं, कारण वीस मिनिटं कागद वाचणारा माणूस त्यांना तसाही विचित्र वाटतच होता. ज्या माणसाचा शब्द या शहरात शिक्क्याइतका चालायचा, त्याचा शब्द मी एका फोनवर मोडीत काढला. त्या फोनवर बोलताना माझा आवाज प्रेमळ होता.

काही महिन्यांनी काकांनी नोटरीचं काम सोडलं, शिक्का परत केला. डोळ्यांचं कारण दिलं. सुखरानीला भाचीकडे फार दिवस ठेवून घेतलं नाही. पुढे ती अधारतालच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहायला गेली, आणि ती खोली काकांनी शोधून दिली होती हे मला तिच्याकडूनच कळलं. मी तिला विचारलं, भाडं परवडतं का. ती म्हणाली, "चल जाता है भैया," आणि माझ्या हातात दूर्वांची जुडी दिली.

हॉल सुरेख झाला. संगमरवरी फरशी, वर आमदारांच्या नावाची पाटी. गणपतीत काका दरवर्षी यायचे, पण आत पाऊल ठेवायचे नाहीत. फाटकाबाहेर चपला काढून, रस्त्यावरूनच हात जोडायचे. पहिल्या वर्षी मी धावत गेलो, "काका, आत या ना," म्हणालो. ते म्हणाले, "दिसतो इथून बाप्पा. तू जा, आरती सुरू होऊन राहिली." मग माझ्या मुलीची चौकशी केली. तिच्या लग्नात ते आले, पोटभर जेवले, आहेर केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांनी मला कधी तोडलं नाही. तोडलं असतं तर मला निदान त्यांचा राग करता आला असता.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. ग्वारीघाटाला अंत्यसंस्काराला आम्ही बरेच जण होतो, पण टायपिस्ट, चहावाला आणि कचेरीतली कुठली कुठली माणसं आमच्याहून जास्त होती. लायसन्सवाला तो तरुणही त्यात असावा, मी ओळखू शकलो नाही.

शोकसभा आमच्या हॉलमध्येच झाली. मला बोलायला सांगितलं. मी पांढऱ्या गाडीचा किस्सा सांगितला, लोक डोळे पुसता पुसता हसले. सभागृहाला काकांचं नाव द्यावं असं कोणीतरी सुचवलं, टाळ्या पडल्या, आणि काकूंची संमती आणायचं काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं.

काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नको रे अवी. ते हयात असताना कधी आत गेले नाहीत. आता त्यांचं नाव आत कशाला नेता? आणि काहून ते तुला माहीत आहे." आवाज चढवला नाही त्यांनी. जाताना सुनेला सांगून माझ्यासाठी डब्यात बेसनाचे लाडू घालून दिले.

पुढच्या सभेत मी इतिवृत्त वाचलं. ते मीच लिहिलं होतं: 'स्वर्गीय काकांच्या प्रसिद्धीपराङ्मुख स्वभावास अनुसरून त्यांच्या कुटुंबीयांनी नावाच्या प्रस्तावास नम्र नकार कळवला आहे.' अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "किती साधा माणूस होता!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, आणि खाली सही केली.